वाघबारशीला रिकामं प्रदर्शन

"मॅडम, वस्तू कुठं आहेत?" साहेबांनी शांतपणे विचारलं. इन्स्पेक्शनला आलेला माणूस शांतपणे बोलला की काहीतरी बिनसलंय हे मी ओळखते.

तलासरीजवळच्या एका पाड्यावर आम्ही मधमाश्या आणि गुराखी यांच्यावर प्रदर्शन मांडलं होतं. पैसा सरकारी, खोली ग्रामपंचायतीची, वस्तू पाड्यातल्या लोकांच्या. मी क्युरेटर. म्हणजे वस्तू गोळा करायच्या, मांडायच्या आणि त्या जागच्या जागी राहतील हे बघायचं. भिंतीवर फोटो आणि बोर्ड शाबूत होते. खालची टेबलं मात्र साफ रिकामी.

निधीचा शेवटचा हप्ता इन्स्पेक्शन रिपोर्टवर मिळतो. 'वस्तू आढळल्या नाहीत' असा शेरा पडला की कारभार आटोपला. मग बायकांनी सारवून, चित्रं काढून सजवलेली ती खोली पुन्हा खताचं गोडाऊन झाली असती.

मी सोमीबायला गाठलं. मधाच्या पेट्या तिच्या, आत सातेरी माश्या. सातेरी म्हणजे पेटीत पाळता येणारी आपली देशी माशी. सोमीबायची एक भरलेली पेटी आम्ही जाळीमागे ठेवली होती. सोमीबाय म्हणाली, माळावर खुरासणी फुललीय, माश्यांना इथं उपाशी ठेवू का? पेटी खुरासणीच्या शेतात गेली होती.

"आणि गुरांच्या घंटा?"

"त्या गुरांच्या गळ्यात. आज वाघबारस नाय का?"

वाघबारशीला गुराखी रानाच्या कडेला वाघदेवाला पुजतात, गुरं सांभाळ म्हणतात. इन्स्पेक्शनची तारीख ऑफिसने दिली होती. दिवाळीआधी फायली उरकायच्या असतात. सरकारी कॅलेंडरात वाघबारशीला लाल रंग नाही.

तेवढ्यात म्हातारे जानूकाका साहेबांना जेवायला बोलवायला आले. सगळे गुराखी त्यांचं ऐकतात. मी त्यांना बाजूला घेऊन चिडून म्हटलं, वस्तू तुम्हीच दिल्या होत्या ना? ते गोंधळले.

"दिल्या तं ठेवायला दिल्या, बाय. देवाला काय बोर्ड दाखवू?"

साहेबांनी हे ऐकलं. मी सारवासारव करणार, तर ते म्हणाले, "चला, जिथं आहेत तिथं बघू."

वाटेत सोमीबायने पेटी उघडून माश्यांनी भरलेली फ्रेम वर धरली. साहेब जरा मागे सरकले, मग पुढे वाकले. रानाच्या कडेला भात शिजत होता, तारपा वाजत होता. साहेबांनी खिशातून यादी काढली आणि गुरामागून गूर गाठत एकेका घंटेपुढे यादीत खूण केली. एका बैलाने सहकार्य केलं नाही. त्याची घंटा जानूकाकांनी वाजवून दाखवली. मग साहेब पानावर बसून पोटभर जेवले.

रिपोर्टमध्ये त्यांनी लिहिलं: 'सर्व वस्तू सुस्थितीत असून वापरात आहेत.' हप्ता आला, खोली राहिली. नियमावर बोट ठेवून परत जाणं त्यांना किती सोपं होतं. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. आणि जानूकाकांचे तर नाहीच. मी आवाज चढवला तरी त्यांनी मला आग्रहाने दुसऱ्यांदा भात वाढला.

तेव्हापासून प्रत्येक प्रस्तावात मी एक अट घालते: सणासुदीला वस्तू मालकांकडे जातील. वरून हमखास विचारणा होते, त्या परत येतील याची हमी काय? मी लिहून कळवते, ज्यांची गुरं रोज संध्याकाळी न चुकता घरी येतात, त्यांच्याकडे हमी मागू नये.