उरलेल्या भुतांची तालीम

मुली गेल्याचं बाईंना कळलं ते कपडेपटाच्या खोलीत. थोरली बहीण पांढऱ्या झग्यांना इस्त्री करत होती. ती म्हणाली, "बस आता कपाळाला हात लावून. भुतंच पळाली तुझी!"

दुसऱ्या शहरातल्या बड्या नृत्य कंपनीने निम्म्याहून जास्त नर्तिका एका दमात उचलल्या होत्या. बाई इथल्या छोट्या कंपनीच्या नृत्यशिक्षिका. एक जुना, रडवा बॅले त्या नव्याने बसवत होत्या. त्याच्या दुसऱ्या अंकात प्रेमात फसून मेलेल्या मुलींची भुतं चांदण्यात रानभर नाचतात. रान भरायला उरल्या सहा जणी. आणि प्रयोग पडला तर इथली कंपनी बंद, असं व्यवस्थापकांनी तोंडावर सांगितलेलं.

बाईंनी जुन्या विद्यार्थिनींचे उंबरठे झिजवले. एकीने सुजलेले गुडघे दाखवले, एकीने कडेवरचं पोर. बुटांच्या दुकानातली मात्र गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवता चढवता, वर न बघताच म्हणाली, "माझी पावलं म्हणजे फावडी, असं म्हणून तुम्हीच काढलंत ना मला वर्गातून?"

"म्हणाले होते. तरी ये. पाया पडते तुझ्या."

बाई खरंच वाकल्या. गिऱ्हाईक एका बुटावर ताटकळलं.

"उठा हो आधी! नोकरी घालवाल माझी."

ती आली, सोबत आणखी तिघींना घेऊन आली. पण पायाच्या बोटांवर उभं राहायचं म्हणताच चौघी लटपटायच्या. रंगीत तालमीत एक जण धाडकन आपटली. बाई हताश होऊन ओरडल्या, "काढा ते बूट! सगळ्याच काढा. नुसत्या चाला."

प्रयोगाला विंगेत बाई डोळे गच्च मिटून उभ्या राहिल्या. कोणी फिदीफिदी हसलं. काही खुर्च्या वाजल्या, माणसं उठून गेली. मग सगळं थंडावलं. लाकडावर घासत जाणारी अनवाणी पावलं तेवढी ऐकू येत होती.

"अगं, बघ तरी," बहीण म्हणाली. बाईंना धीर झाला नाही.

टाळ्या पडल्या, पण तुरळक. व्यवस्थापक आत आले ते तालमीच्या खोलीच्या किल्ल्या मागायलाच. बाईंनी काढून दिल्या.

दुकानातली मुलगी पेटीवर बसून तळवा चाचपत होती. चेहरा नुसता फुललेला. "बाई, उद्या तालीम किती वाजता?"

बाई खाली बसल्या, तिचं पाऊल मांडीवर घेतलं आणि रुतलेलं कुसळ शोधू लागल्या.