चहातले बेदाणे

आमच्या चुलत सासऱ्यांना, म्हणजे मामांना, कधी पाहिलंच नाही असं म्हणणारा माणूस सांगली जिल्ह्यात सापडला, तर त्याला खुशाल मिरजेला नेऊन डोळे तपासून घ्यावेत. मामा जातील तिथं आपली हजेरी लोकांच्या मनावर ठसवल्याशिवाय परतायचे नाहीत. बँकेत रांगेतल्या प्रत्येकाला रामराम घालायचे. दाढीला बसले की अर्ध्यातून उठून, तोंडाला साबण तसाच ठेवून, शेजारच्या दुकानदाराला दर्शन देऊन यायचे. आणि चहा आला की खिशातून तासगावचे बेदाणे काढून सगळ्यांदेखत कपात टाकायचे. मी एकदा म्हटलं, ''मामा, चहा बिघडतो की अशानं.''

''बिघडू दे, पावणं. लोकांच्या ध्यानात तर ऱ्हातंय!''

या वेडामागं एक खटला होता. शेजाऱ्याचं बेदाण्याचं शेड जळालं. बांधावरून दोघांचं वाकडं होतं, तेव्हा आग मामांनीच लावली असा आरोप आला. मामा त्या संध्याकाळी मिरज स्टेशनाबाहेर एका गाड्यावर चहा पीत होते. वकिलांनी बजावलं, ''गुन्हा शाबीत करायचं काम सरकारचं. पण 'मी तिथं नव्हतोच' म्हणालात, तर ते तुम्हाला दाखवावं लागेल.'' मामा म्हणालेच. चहावाल्यानं साक्षीत खरं तेच सांगितलं, ''रोज लय माणसं येत्यात, सायेब. ह्यांचं तोंड आठवत न्हाई.'' सरकारलाही काही शाबीत करता आलं नाही. मामा सुटले, पण संशयाचा फायदा मिळून. फायदा कोर्टात राहिला आणि संशय गावात आला. सुटकेचा पेढा घ्यायलाही कुणी उंबरा चढलं नाही. 'तुम्ही हे केलं नाही' एवढं कुणीतरी म्हणावं, यासाठी माणूस झुरत होता. मी म्हणून पाहिलं, तर म्हणाले, ''तुमी घरचं. घरच्यांची साक्ष कोण धरतंय?''

यंदा मामांना मिरजेच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. बेदाणेवाले मामा गाड्यावर दिसेनात, म्हणून तोच चहावाला विचारत विचारत किटली घेऊन खाटेपाशी आला.

''मामा, त्या दिवशी तुमी आलता का न्हाई, मला आजबी आठवत न्हाई. खोटं कसं बोलू? पर आग तुमी लावली न्हाई.''

मामांनी विचारलं, ''कशावरनं?''

''आवं, इतकी वर्षं तुमाला बघतोय न्हवं!''

मी सवयीनं बेदाण्यांची पुडी पुढं केली. ''ऱ्हाऊ दे, पावणं,'' म्हणाले, आणि साधा चहा घोट घोट पिऊन त्यांनी संपवला.

बरे होऊन घरी आल्यापासून मामा कुठं जातात, कधी परततात, कुणाला पत्ता लागत नाही.