तिच्या पोरांचं काय झालं?

ती कादंबरी मी तीनदा वाचली होती. म्हणून तिच्यावर सिनेमा आल्याचं कळलं तेव्हा मला आनंदाआधी काळजीच वाटली. गोष्ट अशी की, पन्नाशी उलटलेली एक शिक्षिका एका सकाळी एसटीतून उतरते आणि थेट तीस वर्षं मागे पोचते. त्याच स्टँडवर, जिथे एका माणसाने तिला लग्नाचं विचारलं होतं आणि ती गप्प राहिली होती. तो मग बदली होऊन नागपूरला निघून गेला होता. आता तो पुन्हा समोर उभा असतो, आणि त्याची बस सुटायला थोडाच वेळ असतो.

मी बोईसरला एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते, राहते सरावलीला. आईबाबा घिवलीला. बाबा आता होडीवर जात नाहीत, अंगणात बसून लोकांची जाळी शिवून देतात. आई मात्र अजून सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात येते. त्या रविवारी तिचे बोंबील दुपारीच खपले, तेव्हा मी तिला सिनेमाला चल म्हटलं. बाबांना फोन केला तर म्हणाले, "तुमीच जा. अंदारात बसून मी काय करू?"

थिएटरच्या दारावरच्या माणसाने आईच्या रिकाम्या टोपलीकडे बघून नाक मुरडलं. "मौसी, ये अंदर नहीं चलेगा."

"मग तू सांभाळ," असं म्हणून आईने टोपली त्याच्याच हातात दिली आणि आत गेली.

तो स्टँडवरचा प्रसंग आला. नायिका गप्प, तो गप्प, कंडक्टर घंटी वाजवतोय. आईला राहवलं नाही. "बोल ना गो बाय!" ती मोठ्याने ओरडली. सगळं थिएटर हसलं. आणि खरोखरच नायिका बोलली! मी कपाळावर हात मारून घेतला. कादंबरीत ती शेवटपर्यंत बोलत नाही, बस निघून जाते. इथे ती "हो" म्हणाली, लगेच गाणं सुरू झालं, आणि शेवटी दोघं म्हातारी होऊन नागपूरच्या अंगणात झोपाळ्यावर बसली.

आईला सोडायला मीही घिवलीच्या रिक्षात बसले. वाटभर माझी चिडचिड चालू होती, शेवट कसा नासवला म्हणून. आई टोपली मांडीवर घेऊन काहीतरी विचार करत होती. मधेच म्हणाली, "मंग तिच्या पोरांचं काय झालं?"

"कुठल्या पोरांचं?"

"अगो, पयल्यांदा दाखवली ना दोन पोरं, डबा भरून देत होती ती. आता ही मागं जाऊन दुसऱ्याचीच बायको झाली. मंग ती पोरं जल्मलीच नाय?"

कादंबरीतली बाई गप्प राहते ते नेमकं याचसाठी. लेखकाने त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं होतं. सिनेमावाल्यांनी ते गाळलं, आणि माझ्या आईने न वाचता शोधून काढलं. हे सांगितल्यावर ती खूश झाली. म्हणाली, "मंग ते पुस्तकच वाच मला."

पुढचे चार रविवार मी अंगणात बसून वाचत होते. आई बोंबील निवडत ऐकायची, बाबा जाळं शिवत. बाबा ऐकत नाहीत असंच मला वाटायचं. पण स्टँडचा प्रसंग आला तेव्हा त्यांची सुई थांबली. बस निघून गेल्यावर त्यांनी आईला विचारलं, "तू काय केलं असतंस गो?"

"नागपूरला?" आई म्हणाली. "तिथं ताजी मासली कुठं गावते?"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग जरा वेळाने, जाळ्यातून मान वर न काढता त्यांनी विचारलं, "शिनेमा अजून हाय का?"

बोईसरच्या थिएटरातून तो उतरला होता, पण पालघरला चालू होता. मला सुट्टी नव्हती, म्हणून दोघंच गेली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता असं शेजारणीने मला फोन करून कळवलं. मीही उत्सुकतेने पाच वाजता आईला फोन लावला. सिनेमा संपायला अजून वेळ आहे हे लावल्यावर लक्षात आलं, पण तिने पहिल्याच रिंगला उचलला. मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"अजून सुटला नसेल ना? बाहेर कसे तुम्ही?"

"तिला गप्प उबी बगितली आन् यांना घेऊन भायेर आले," आई म्हणाली. "पुढं खोटं हाय. आमी आईस्क्रीम खातोय."

"बाबांना चाललं?"

तिने फोन बाबांकडे दिला. "बरा हाय शिनेमा," बाबा म्हणाले. "बाई शानी हाय." यातली बाई कोणती, ते मात्र मी विचारलं नाही.