टाळीला एक पाऊल

कोयनानगरला बदली झालेल्या मास्तराकडं दोन गोष्टी साठतात : सर्दी आणि किस्से. सर्दी इस्लामपूरला आल्यावर गेली. किस्से मात्र चहाला चार माणसं जमली की अजून बाहेर पडतात. त्यातले निम्मे आमच्या कांबळे सरांचे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. कांबळे सर फलटणचे, इंग्रजी शिकवायचे. "शब्द भाकरीसारखा असतो, मोडून खा," म्हणायचे. मग सगळा वर्ग टाळ्या वाजवत एकेक तुकडा म्हणायचा : इ-लेक्-ट्रि-सि-टी. एकदा एका पोराचे वडील, रिटायर्ड सुभेदार, सरांना भेटायला आले आणि चपला काढून दाराबाहेर हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "आरती हुंद्या, मग येतो आत."

*

तिथं जमीन सारखी हलायची. हलली की पोरं दारात चेंगरायची. सरांनी नियमच केला : धक्का बसला की इलेक्ट्रिसिटी म्हणायचं, टाळीला एक पाऊल, ओळीनं मैदानात. साताऱ्याहून इन्स्पेक्शनला आलेले साहेब नेमके त्यात सापडले. पोरं शिस्तीत बाहेर, साहेब टेबलाखाली! एक पोरगा वाकून म्हणाला, "आवं सायेब, तुमीबी म्हना. भ्या वाटत न्हाई."

*

एकदा सर रजेवर होते. पोरं खेळाच्या तासाला मैदानावर, वर्गाला कुलूप. तरी स्टाफरूमपर्यंत टाळ्या ऐकू आल्या, अगदी ठेक्यात. आमचे शिपाई तुकाराममामा किल्ली घेऊन गेले, लगेच परत आले आणि भिंतीला टेकून बसले.

"कोण होतं, मामा?" मी विचारलं.

"कोन न्हाई. पर शबुद लय लांबडा हाय."

पुढं महिनाभर मी त्या वर्गावर तास घेतला नाही. खरं सांगतो, भीती वाटत होती.

*

त्याच वर्गात शोभा होती. वर्षापूर्वी तिची आई वारली, तेव्हापासून पोरीचं बोलणंच बंद. टाळ्या वाजवायची, ओठ मिटलेले. हेडमास्तर म्हणाले, तोंडी परीक्षेत एक शब्द तरी बोलली पाहिजे, नाहीतर नापास. आणि नापास झाली तर तिचा मामा तिची शाळा बंद करणार होता. सरांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

परीक्षेला मी शेजारीच बसलो होतो. सर म्हणाले, "शोभा, इलेक्ट्रिसिटी म्हण."

ती उभी राहिली. टाळी वाजवली, एक पाऊल टाकलं, पुन्हा टाळी, आणि दाराकडं निघाली. जमीन अगदी शांत होती. तरी सवयीनं सगळा वर्ग उठून तिच्यामागं टाळ्या वाजवत चालू लागला. सर चिडून मागं गेले, त्यांच्यामागं मी.

आम्ही मैदानात पोचलो आणि धक्का बसला. वर्गाचं कौलारू छप्पर बाकांवर आलं.

बऱ्याच वेळानं सर तिच्यापुढं खाली बसले. "शोभा, तुला कसं कळलं गं?"

"आय म्हनली, सर." आवाज स्वच्छ होता. "भायेर चला म्हनली. तिला सलग बोलाय येत न्हाई आता. येकेक तुकडा पाडून म्हनली."