अहवालात न आलेली ओळ

देवमन,

तू अकोल्याला जाऊन सहा महिने झाले. तू इथे काय करत होतास, हे कुणालाच धड ठाऊक नाही, म्हणून लिहायला बसले. वाचताना लाजत बसू नकोस.

तुला मी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकवलं. नांदगाव खंडेश्वरहून एसटीनं यायचास, आणि सूक्ष्मदर्शकाला एकदा डोळा लावला की उठायचं नाव नाही. पुढे अमरावतीतच एका दंत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर लागलास. दातात भरायचा नवा मसाला आला, की तो माणसाला बाधेल का, हे आधी उंदराच्या पेशींवर पाहायचं, हे तुझं काम. मसाल्याची चकती करायची, निळ्या उजेडाच्या दिव्याखाली घट्ट करायची, पेशींच्या पातळ खाद्यात दिवसभर भिजवायची आणि ते खाद्य पेशींना द्यायचं. मग रंग टाकायचा. जिवंत पेशी जांभळ्या होतात, मेलेल्या होत नाहीत.

पेशींना ना रविवार कळतो, ना दिवाळी. त्यांचं खाणं बदलायला तू सणालाही हजर. तुझी आई, पार्बताबाई, मला म्हणाली होती, "बाई, याले लगन कर म्हनलं, तं हा उंदराचा संसार पोसून राह्यला!"

डिसेंबरात एक स्वस्त मसाला तपासायला आला. चांगल्या दिव्याखाली सगळं ठीक. मग तो दिवा बिघडला आणि तू कपाटातला जुना काढलास. निम्म्या पेशी मेल्या. उजेड कमी पडला, मसाला आतून कच्चा राहिला, आणि कच्चा होता तेवढा खाद्यात उतरला.

विभागप्रमुख म्हणाले, "दिवा खराब आहे, मसाला नाही. फेकून दे ते."

"सर, पन खेड्यातल्या दवाखान्यात असेच दिवे हायेत. लोकाइच्या तोंडात तं हेच जाऊन राह्यलं."

"अडगळीतल्या दिव्यावर मी अहवालात ओळ लिहीत नाही. दवाखान्यात रोज चालणारा एखादा आण. सोमवारपर्यंत थांबतो."

तू तडक राजापेठेत माझ्या घरी आलास.

"मॅडम, अचलपूरच्या तुमच्या दिराचा दिवा दोन दिवस भेटन का? मले ते ओळखत नाईत, देनार नाईत. अन् पेशी सोडून जाता येत नाई."

"काहून देणार नाहीत? शुक्रवारी पहिल्या गाडीनं जाते."

माझे दीर खुशालराव पंचवीस वर्षं तिथे दात भरताहेत. शुक्रवारी मी पिशवी घेऊन तयार झाले आणि दारातच अडले. दिवा कशाला हवा, हे त्यांना काय सांगायचं? तुमच्या दिव्यात जोर नाही, तुम्ही भरलेले दात कच्चे असतील, असं? वर्गात चूक दिसली की मी भर वर्गात सांगायचे. घरात जमलं नाही. तुला फोनवर म्हटलं, "गुडघा धरला रे, उद्या जाते." शनिवारी म्हटलं, पाहुणे आलेत. कुणी आलं नव्हतं.

सोमवारी अहवाल गेला. मसाला सुरक्षित, एवढंच त्यात. तू सही केली नाहीस, आणि मार्चमध्ये तुझं कंत्राट वाढवलं नाही. निघताना भेटायला आलास तेव्हाही म्हणालास, "जाऊ द्या मॅडम. तुमी गुडघा सांभाळा."

अचलपूरच्या गाड्या दिवसभर सुटतात. मी अजून गेलेले नाही.