ताई कोवलमच्या लाटेत उतरली तेव्हा

ताई साताऱ्याहून चेन्नईला आली ती कांजीवरम घ्यायला. माझ्या भाचीचं, म्हणजे ताईच्या मुलीचं, लग्न ठरलं होतं आणि लग्नानंतर ती लगेच कॅनडाला जाणार होती. माझं ऑफिस सिरुसेरीला. मी एका दिवसाची रजा टाकली. सकाळी समुद्र, दुपारी टी. नगरात साडी असा बेत केला.

चेन्नईजवळच्या कोवलमला काही पोरंपोरी फळीवर उभी राहून लाटा घेत होती. आम्ही नुसत्या बघत होतो. चपला हातात धरून ताई एकाएकी म्हणाली, "मला हे करायचंय."

"ताई, तू आयुष्यात फक्त विहिरीत पोहली आहेस."

"म्हणजे पोहता येतं ना? विचार त्या शिकवणाऱ्याला."

तो नको म्हणेल अशा आशेने मी मोडक्या तमिळमध्ये विचारलं. त्याने हसून तिला लाइफ जॅकेट चढवलं. मग मी तिची पर्स छातीशी धरून वाळूत येरझारा घालत राहिले. ती लाटेखाली गेली की मी गुडघाभर पाण्यात धावायची, ती वर आली की परत मागे. किती वेळा पडली कोण जाणे. शेवटी एकदा दोन्ही गुडघ्यांवर बसून ती थेट काठापर्यंत आली. अंबाडा सुटलेला, तोंडात वाळू. "आता परत," म्हणाली आणि वळलीसुद्धा.

साडीच्या दुकानात अख्खी दुपार जाईल असं मी धरलं होतं. तिने चौथ्या साडीवर बोट ठेवलं आणि उठली. रिक्षात बसल्यावर तिने साडीची पिशवी मांडीवर घेतली.

"हल्ली मी पोरीच्या खोलीचं दार सारखं उघडून बघते," ती म्हणाली. "अजून ती गेलीही नाहीये. गेल्यावर काय करीन?"

मी तिचा हात धरला. तो अजून मिठाने खरखरीत होता.

"माझं परतीचं तिकीट पुढे ढकल. तू ऑफिसला जा, मी माझी फिरेन."

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये माझं अर्धं लक्ष फोनकडे. तिला तमिळचं एक अक्षर येत नाही. बस चुकली तर, ऊन लागलं तर. जेवणाच्या सुमारास फोन आला. ताई कुजबुजत होती.

"हळू बोल. गिंडीच्या नॅशनल पार्कात आहे. जाळीपलीकडे काळवीट उभं आहे, शिंगं तरी कसली पिळदार."

"कशी पोचलीस? जेवलीस का?"

"नंतर सांगते. ते माझ्याकडेच बघतंय."

फोन बंद झाला. मी जागेवर येऊन बसले, स्क्रीनवरची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मग पोट बिघडल्याचं साहेबांना सांगितलं आणि गिंडीकडे जाणारी बस धरली.