दगडाच्या दारात पालखी

‘आपला या दगडाशी संबंध काय?’ माझ्या हरकतीवर रस्त्याच्या कार्यालयाने हा एवढाच प्रश्न विचारला, आणि मी संतापाने पुण्याहून महाडची एसटी पकडली.

पोलादपूरच्या डोंगरातील आमच्या मूळ वाडीच्या तोंडाशी तो दगड आहे. पहिल्या महायुद्धात वाडीतून किती गेले आणि किती मेले, एवढेच त्यावर कोरलेले, नावे नाहीत. माझे आजोबा रामजी त्या मेलेल्यांत आहेत. रस्ता रुंद करताना दगड उखडला जाणार होता.

वरंधा घाट उतरताना मनात तेच घोळत राहिले. दूरच्या राजांचे आपसांत बिनसते, आणि इराकमधल्या बसऱ्याच्या वाळूत मरतो तो नाचणी पेरणारा, ज्याला कोणीही विचारलेले नसते. युद्धे अशीच सुरू होतात.

महाडला चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. ओंजळभर पाण्याचा हक्क बजावायला माणसे इथवर चालत आली होती. मी आयुष्यभर नुसती पत्रे लिहिली.

पोलादपूरहून घेतलेली जीप चढणीला बंद पडली; उरलेली वाट पायी तुडवली. शिमग्यासाठी मुंबईकर आल्याने वाडी भरली होती. दगडासमोर जेसीबी उभा होता आणि दोहोंच्या मध्ये देवीची पालखी टेकलेली.

तिथे बसलेल्या वाडीतल्या वयस्क पार्वताबाईंनी आधी भाकरी-पिठले वाढले, मग हकिकत सांगितली. शिमग्यात पालखी घरोघर जाते. दगडालाही वाडी घरच मानते, कारण गेलेल्यांना दुसरा उंबरठा नाही. यंदा भोयांनी (पालखी वाहणाऱ्यांनी) ती इथून उचललीच नव्हती.

“सायबाला म्हनलं, घरच्या मानसाचा पाहुणचार घेतल्याबिगर देवी उठत नाय. जेसीबीवाला बी नारळ ठेवून झोपलाय. तुमी कोनाचं?”

मी आजोबांचे नाव सांगितले. त्या उठल्या. मग पाण्याचा तांब्या माझ्या हाती दिला.

“मग दारात उभं काय ऱ्हायलात? भोयांचे पाय धुवा.”

मी थबकलो. पाहुणचार झाला की पालखी उठणार, आणि मग दगड जाणार, हे मी त्यांना बजावले.

“चालू झाला म्हनायचं, बाबा,” त्या हसल्या. “संपला कोन म्हनतो?”

मी पाय धुतले. माझ्या वडिलांना आपल्या बापाचे दार कधी दिसले नाही. मला दिसले, पण त्याला आतली बाजू नव्हती. ओला हात दगडावर बराच वेळ ठेवून उभा राहिलो.

परत निघालो तेव्हा पालखी तिथेच होती. पुण्याला पोहोचताच कार्यालयाला उत्तर लिहिले: ‘संबंध: यजमान. घरी देवी आली आहे. पाहुणचार चालू आहे.’